पेत्रुस म्हणजे नक्की कोणता पेत्रुस? मध्ययुगातले एकाच नावाचे पंडित

पानगळ

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी एका जुन्या ग्रंथालयाची पुठ्ठ्याची कार्डं बघून लॅटिन पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवतेय, आणि मागच्या आठवड्यात एक कार्ड हातात आलं ज्यावर लेखक म्हणून "पेत्रुस, पॉयतिएचा" एवढंच होतं आणि खाली दोन पुस्तकं. एक म्हणजे फ्रान्समधल्या क्लुनीच्या मोठ्या मठाच्या मठाधिपतीवरची स्तुतीपर कविता, दुसरं म्हणजे आदामापासून येशूपर्यंतची वंशावळ. कार्ड बनवणाऱ्याने दोन्ही एकाच माणसाची धरली होती. पण ही दोन वेगळी माणसं आहेत! पहिला क्लुनीचा भिक्षू, ११४० च्या सुमारास तिथल्या मठाधिपतीचा लेखनिक. दुसरा पॅरिसमधे धर्मशास्त्र शिकवणारा, नोत्र दामचा चान्सलर झाला आणि १२०५ मधे वारला. आणि त्याच काळात पॅरिसच्या सँ व्हिक्टर मठात याच गावाचा, याच नावाचा अजून एक तिसराही होता.

तेव्हापासून मी या पेत्रुसांच्या मागे लागलेय. पेत्रुस म्हणजे आपला पीटर, फ्रेंचमधे पिएर, इटालियनमधे पिएत्रो, स्पॅनिश-पोर्तुगीजमधे पेद्रो. मध्ययुगात युरोपातला कुठलाही शिकलेला माणूस लॅटिनमधे लिहायचा, म्हणून गावात त्याला काहीही म्हणत असोत, हस्तलिखितात तो पेत्रुसच. त्यातही लेखनिक पूर्ण नाव लिहायचे नाहीत, शेवटच्या "उस" साठी इंग्रजी 9 सारखी एक छोटी खूण करायचे, कधी तर नुसतं एक अक्षर आणि टिंब. आता एवढ्यावरून माणूस ओळखायचा.

ज्या क्लुनीच्या मठाधिपतीची ती स्तुती आहे ना, तोही पेत्रुसच! त्याला पुढे "व्हेनेराबिलिस" म्हणजे पूज्य असं म्हणायला लागले. हा ११२२ मधे मठाधिपती झाला, तेव्हा तिशीच्या आसपास होता. ११४२ मधे तो स्पेनला गेला आणि तिथे त्याने कुराणाचं आणि इस्लामविषयक इतर अरबी ग्रंथांचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, कुराणाचं भाषांतर ११४३ मधे पूर्ण झालं. हेतू अर्थातच वादात खंडन करायचा होता, पण ज्याचं खंडन करायचं ते आधी नीट वाचलं पाहिजे हा त्याचा आग्रह मला फार मोठा वाटतो. कुराणाचं मुख्य काम केटनच्या रॉबर्टने केलं. पण त्या मंडळींमधे अल-किंदीच्या नावावरचा एक अरबी ग्रंथ भाषांतरित करणारा होता पेत्रुस, तोलेदोचा. त्याचं अरबी चांगलं पण लॅटिन कच्चं, म्हणून ते लॅटिन सुधारायला मठाधिपतीने सोबत दिला आपला लेखनिक, म्हणजे पॉयतिएचा पेत्रुस. म्हणजे काम करवणारा पेत्रुस, भाषांतर करणारा पेत्रुस आणि भाषा तपासणारा पेत्रुस.

यावरून मला जे दिसतंय ते असं, की या लोकांचं खरं नाव हे दुसरं नाव आहे. पहिलं सगळ्यांना सारखंच. माणूस कोणाचा, कुठला, कोणाच्या उपकाराखाली हे सगळं त्या शेपटात असतं. उदाहरण देते. पेत्रुस दामियानी, १००७ च्या सुमाराला रावेन्नात जन्म, मोठ्या गरीब कुटुंबातलं शेवटचं मूल, आईवडील लवकर गेले. एका भावाने घरी ठेवून घेतलं पण वागवलं वाईट, डुकरं राखायला लावली. मग दुसऱ्या भावाने, त्याचं नाव दामियानुस, त्याला आपल्याकडे नेलं आणि शिकवलं. हा मुलगा पुढे मठवासी झाला, ओस्तियाचा कार्डिनल बिशप झाला, त्याची १८० पत्रं आज उपलब्ध आहेत. आणि जन्मभर तो कोण राहिला? पेत्रुस दामियानी. "दामियानी" हे आडनाव नाही हो, ती षष्ठी आहे. दामियानचा पेत्रुस! परंपरेने सांगतात की ज्याने शिकवलं त्या भावाचं नाव त्याने कृतज्ञतेने स्वतःला लावून घेतलं. हे वाचलं तेव्हा मला लगेच "एका जनार्दनी" आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं.

तुमच्याकडे असे कोणते पेत्रुस असतील तर लिहा. मी पण भर घालत राहीन.

खडूफळा

पानगळताई, धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी मराठी शिकवतो म्हणून मला ती षष्ठी लगेच भिडली. चा-ची-चे लावून माणसाची ओळख सांगायची ही आपली पण सवय आहे, गावात अजून "पाटलाचा", "सुताराचा" असंच विचारतात.

पॉयतिएचा, तोलेदोचा हे लॅटिनमधे पण षष्ठीनेच होतं का? आणि मूळ प्रश्न असा की या लोकांना आडनावं नव्हतीच का?

पानगळ

खडूफळा सर, गावासाठी त्यांच्याकडे वेगळा प्रत्यय होता, "एन्सिस". पिक्ताविएन्सिस म्हणजे पॉयतिएचा, ब्लेसेन्सिस म्हणजे ब्ल्वा गावचा. हा म्हणजे अगदी आपला "कर". पॉयतिएकर, ब्ल्वाकर! फक्त आपल्याकडे कर वडिलांकडून मुलाकडे जातो, तिकडे तो त्या एका माणसापुरता असायचा, आणि माणूस गाव सोडून शिकायला बाहेर पडला की मगच चिकटायचा कारण स्वतःच्या गावात कोण कशाला तुम्हाला ब्ल्वाकर म्हणेल.

आडनावांचं म्हणाल तर अकराव्या-बाराव्या शतकात पश्चिम युरोपात एक गंमतीची उलथापालथ झाली. आधी जर्मानिक वळणाची नावं भरपूर होती, दोन शब्द जोडून नवीन नाव करायचे, त्यामुळे माणसामाणसाला वेगळं नाव असायचं. मग संतांची नावं आणि राजेसरदारांची नावं ठेवायची पद्धत वाढली आणि नावांचा साठा आटत गेला. पेत्रुस, योहानेस, गिलेल्मुस म्हणजे विल्यम, ही नावं एवढी झाली की एक नाव पुरेनाच. नॉर्मंडीतला तेव्हाचा इतिहासकार तोरिन्यीचा रॉबर्ट लिहून ठेवतो की ११७१ च्या नाताळात बायूजवळ तरुण राजा हेन्रीच्या दरबारी जेवण होतं, तिथे दोन विल्यमांनी ठरवलं की या खोलीत विल्यम नावाचे सोडून कोणी जेवायचं नाही, बाकीच्यांना बाहेर काढलं, तरी शंभराच्या वर विल्यम नावाचे सरदार उरले! अशा परिस्थितीत दुसरं नाव चिकटणारच, आणि त्यातूनच पुढे घराण्यांची आडनावं पक्की होत गेली.

वसईचा_वारा

आमच्या घरातलं नाव निघालं म्हणून लिहितोय. आजोबांचं नाव पेद्रू, त्यांच्या आजोबांचं पण पेद्रू, आणि आळीत अजून दोन पेद्रू, त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव आणि टोपणनावाशिवाय हाक मारली तर तिघेही बाहेर यायचे. तेव्हा हा धागा मला अगदी घरचा वाटला.

मराठी बायबलमधे मात्र पेत्र असं आहे. मूळ नाव शिमोन, येशूने त्याला केफा म्हटलं, अरामी भाषेत केफा म्हणजे खडक, त्याचं ग्रीक झालं पेत्रोस. "तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन" हे वाक्य आम्हाला लहानपणापासून पाठ असतं. म्हणजे हे नाव मुळात दिलेलं नाव आहे, जन्माचं नाही. २९ जून हा संत पेत्र आणि संत पौल यांचा सण, त्या दिवशी बाप्तिस्मा झाला की पेद्रू नाव ठेवायचं हे आमच्या आजीच्या मते ठरलेलंच. गोव्यात तर त्या दिवशी सांगोड असतो, मच्छीमार होड्या एकत्र बांधून त्यावर नाटकं करतात, कारण पेत्र स्वतः कोळी होता.

ताई, त्या काळातही असं सणावरून नाव ठेवलेला कोणी पंडित आहे का?

पानगळ

आहे! आणि त्याच्याबद्दल मला लिहायचंच होतं, कारण सगळ्या पेत्रुसांत हा आपल्या सगळ्यात जवळचा.

मोझेस सेफार्दी नावाचा ज्यू विद्वान, स्पेनमधल्या उएस्काचा. अरबी, हिब्रू उत्तम, ज्योतिष-वैद्यक जाणणारा. ११०६ साली २९ जूनला त्याने बाप्तिस्मा घेतला, सण पेत्राचा म्हणून नाव पेत्रुस, आणि धर्मपिता आरागॉनचा राजा आल्फोन्सो पहिला म्हणून आल्फोन्सी. पुन्हा षष्ठी, आल्फोन्सोचा पेत्रुस. म्हणजे दामियानीसारखंच, फक्त तिथे भाऊ, इथे राजा. त्याने आपला जुना धर्म सोडून नवा घेतला त्यामुळे ज्यूंकडून त्याच्यावर टीका झाली, आणि त्याने उत्तरादाखल एक संवाद लिहिला, त्यात पेत्रुस आणि मोझेस वाद घालतात. दोन्ही तोच! आपल्याच जुन्या नावाशी भांडणारा माणूस, मला हे फार अस्वस्थ करतं. त्यात ज्यू धर्माविरुद्ध कडवटपणा आहे आणि पुढे शेकडो वर्षं तो संवाद ज्यूंविरुद्ध वापरला गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याचं दुसरं पुस्तक म्हणजे "दिस्किप्लिना क्लेरिकालिस", बोधकथांचा संग्रह, तीसेक गोष्टी, बऱ्याचशा अरबी वाटेने आलेल्या. त्यात एक रडणाऱ्या कुत्रीची गोष्ट आहे. एक म्हातारी एका पतिव्रतेला फितवायला जाते, आधी आपल्या कुत्रीला उपाशी ठेवते, मग मोहरी घालून पाव खाऊ घालते त्यामुळे कुत्रीच्या डोळ्यातून पाणी येतं, आणि म्हातारी सांगते की ही माझी मुलगी, तिने प्रेम करणाऱ्या तरुणाला नाकारलं म्हणून तिची अशी अवस्था झाली. ओळखीची वाटली का? कथासरित्सागरातली देवस्मितेची गोष्ट! तिथे योगकरंडिका नावाची भोंदू जोगीण हेच करते, फक्त मोहरीऐवजी मिरी आणि पावाऐवजी मांस. आणि देवस्मिता फसत नाही, ती उलट त्या चारही तरुणांच्या कपाळावर कुत्र्याच्या पावलाचा डाग देते. लॅटिन गोष्टीतली बाई मात्र फसते. सोमदेवाने हे काश्मीरमधे अकराव्या शतकात लिहिलं, पण मूळ गुणाढ्याची बृहत्कथा, आणि परंपरा गुणाढ्याला प्रतिष्ठानच्या म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन दरबारातला मानते. देवस्मिता सोडून बाकी गोष्ट उएस्कापर्यंत पोचली याचं मला वाईट वाटलं.

अजून एक. हा पेत्रुस पुढे इंग्लंडला गेला आणि तिथे मॅल्व्हर्नच्या वॉल्चर नावाच्या प्रायरला, म्हणजे मठप्रमुखाला, त्याने चंद्राच्या पातबिंदूंचं गणित शिकवलं, वॉल्चरने ११२० मधे त्यावर पुस्तिका लिहिली, नाव "ड्रॅगनविषयी". ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट, म्हणजे आपले राहू-केतू. पेत्रुसचे तक्ते नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या तक्त्यांवरून केलेले, आणि अल-ख्वारिझ्मीचे तक्ते भारतीय पद्धतीवर बेतलेले. पृथ्वीच्या मधोमध "आरिन" नावाचं शहर हे लोक दाखवतात, पेत्रुसच्या संवादातल्या आकृतीतही ते आहे. आरिन म्हणजे आपलं उज्जैन. अरबीत उझैन असं लिहिलेलं, झ वरचं टिंब लेखनिकाकडून गळलं आणि र झाला. एका टिंबाने उज्जैन हरवलं ते कित्येक शतकं युरोपला सापडलं नाही. आणि पुढे १४१० मधे ज्याने आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याच आरिनबद्दल लिहिलं, तो फ्रेंच कार्डिनल कोण, तर पेत्रुस दे आलियाको, म्हणजे पिएर दायी. त्या पुस्तकाच्या छापील प्रतीच्या समासात कोलंबसने शेकडो टिपा काढल्यात, ती प्रत अजून सेव्हिलमधे आहे.

तर्ककर्कश

उत्तम चाललंय. तर्कशास्त्रवाल्यांना एकच पेत्रुस माहीत, पेत्रुस हिस्पानुस म्हणजे स्पॅनिश पेत्रुस (तेव्हा हिस्पानियात पोर्तुगालही यायचा). तेराव्या शतकातलं त्याचं तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक, ज्याला पुढे "सुम्मुले लोगिकालेस" म्हणू लागले, ते युरोपातल्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवलं जायचं.

त्यात एक पाठांतराचा श्लोक आहे. बार्बारा, केलारेंत, दारी, फेरियो असा सुरू होतो. शब्दांना अर्थ नाही, प्रत्येक शब्द म्हणजे दोन आधारविधानं आणि एक निष्कर्ष अशा अनुमानाचा एक आकार, आणि सगळा माल स्वरांत आणि व्यंजनांत भरलाय. आ म्हणजे "सर्व क्ष हे य आहेत", ए म्हणजे "कोणताही क्ष य नाही", इ म्हणजे "काही क्ष य आहेत", ओ म्हणजे "काही क्ष य नाहीत". म्हणून बार्बारा म्हणजे तिन्ही विधानं सर्वसमावेशक होकारी. पुढच्या नावांची आद्याक्षरं सांगतात की हा आकार पहिल्या चारांपैकी कशात बदलायचा, मधला स म्हणजे उद्देश्य-विधेय सरळ उलटवा, म म्हणजे दोन आधारविधानांची अदलाबदल करा. वृत्तांसाठी आपण शाळेत "यमाताराजभानसलगं" पाठ केलं ना, तीच युक्ती. एका निरर्थक शब्दात सगळे गण. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी दुसरं काही करूच शकलो नाही.

आता ओळखीचा घोळ. हा तर्कशास्त्रज्ञ पेत्रुस म्हणजेच १२७६ मधे पोप झालेला जॉन एकविसावा, असं शेकडो वर्षं मानलं गेलं. पोपचं मूळ नाव पेद्रो, लिस्बनचा, वैद्यकही जाणायचा, गरिबांसाठीच्या औषधांचं एक पुस्तक त्याच्या नावावर आहे. पण गेल्या काही दशकांत अभ्यासक म्हणतात की हे दोन, कदाचित तीन वेगळे स्पॅनिश पेत्रुस असावेत, तर्कशास्त्र लिहिणारा बहुधा डोमिनिकन, म्हणजे संत डोमिनिकच्या संघातला भिक्षू होता. मी त्या बाजूचा आहे, कारण डोमिनिकनांच्या जुन्या याद्यांत आपला म्हणून त्याचं नाव येतं आणि पोप तर डोमिनिकन नव्हता.

मांडवी_काठ

आम्ही गोंयकार, त्यामुळे हा पोप आमच्या जुन्या शिक्षकांच्या तोंडी असायचा, एकुलता एक पोर्तुगीज पोप म्हणून. त्याचा शेवट वाईट झाला, व्हितेर्बोच्या राजवाड्यात स्वतःसाठी अभ्यासिका बांधून घेतली होती तिचंच छत अंगावर कोसळलं आणि काही दिवसांत, २० मे १२७७ ला गेला.

नावाचा अजून एक घोळ त्याच्याच बाबतीत आहे. जॉन विसावा नावाचा पोप झालाच नाही! मधल्या काळात जॉनांची मोजणी चुकली होती, त्यामुळे याने थेट एकविसावा असं लावलं आणि ती चूक आजपर्यंत तशीच चालू आहे.

आणि बघा, पेत्रुस नावाच्या माणसाला पोप झाल्यावर पेत्रुस राहता येत नाही. संत पेत्र पहिला, त्यामुळे "दुसरा पेत्र" व्हायला कोणी धजत नाही. ९८३ मधे पाव्हियाचा बिशप पेत्रुस पोप झाला, त्याने नाव बदलून जॉन चौदावा केलं. १२७६ या एकाच वर्षात चार पोप होऊन गेले, त्यात दोन मूळचे पेत्रुस, तारांतेझचा पेत्रुस झाला इनोसंट पाचवा आणि आपला पेद्रो झाला जॉन. (तारांतेझचा पेत्रुस असा अजून एक संत शंभर वर्षं आधी होऊन गेलाय, तो आर्चबिशप. पानगळताईंच्या कार्डात तेही बघून घ्या.) चौदाव्या शतकात तर काका-पुतण्या, दोघेही पिएर रोजे, एक क्लेमेंट सहावा आणि दुसरा ग्रेगरी अकरावा.

सातासमुद्रापार

मी पॅरिसला असते, त्यामुळे नोत्र दामच्या पेत्रुसांवर माझा हक्क. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका कॅथेड्रलभोवती इतके पेत्रुस होते की विद्यार्थ्यांचं काय होत असेल. पेत्रुस लोंबार्दुस, इटलीत नोव्हाराजवळचा, म्हणून लोंबार्ड. गरीब विद्यार्थी म्हणून आला, संत बर्नार्डने पत्र लिहून सँ व्हिक्टरच्या मठाला त्याच्या जेवणाची सोय करायला सांगितलं होतं, आणि ११५९ मधे तोच पॅरिसचा बिशप झाला, पुढच्या वर्षी वारला. त्याचा "सेंतेंतिए" हा चार भागांचा ग्रंथ चारशे वर्षं पाठ्यपुस्तक होता, अक्वायनस असो की स्कोटस की तरुण ल्यूथर, सगळ्यांनी आधी त्याच्यावर भाष्य लिहायचं आणि मगच पुढे जायचं. १२१५ च्या लॅटरन परिषदेच्या, म्हणजे रोममधल्या मोठ्या धर्मपरिषदेच्या, ठरावात "आम्ही पेत्रुस लोंबार्दुससोबत मानतो की" असं नाव घेऊन लिहिलंय.

मग पेत्रुस कांतोर, कॅथेड्रलच्या गायनाचा प्रमुख म्हणून कांतोर. तापलेलं लोखंड हातात धरायला लावून गुन्हा ठरवायच्या दिव्यांना त्याने ठाम विरोध केला. ११९७ मधे तो गेला आणि अठरा वर्षांनी त्याच लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घ्यायला बंदी केली.

आणि माझा सगळ्यात लाडका, पेत्रुस कोमेस्तोर. कोमेस्तोर म्हणजे खाणारा! इतका वाचायचा की पुस्तकं खातो म्हणून हे नाव पडलं. त्रुआचा. बायबलमधला सगळा इतिहास सलग सांगणारं त्याचं "हिस्तोरिया स्कोलास्तिका" घरोघर पोचलं. त्याच्या थडग्यावरचे शब्द असे की, मी पेत्रुस होतो, आता मला दगडाने झाकलंय (लॅटिनमधे दगड म्हणजे पेत्रा, म्हणून श्लेष), मला खाणारा म्हणत, आता मीच खाल्ला जातोय. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्या दोन्ही नावांचा असा हिशोब चुकता केला.

या मंडळींवरून एक दंतकथा पण तयार झाली. पेत्रुस लोंबार्दुस, पेत्रुस कोमेस्तोर आणि कायद्याचा पंडित ग्रात्सियान हे तिघे सख्खे भाऊ होते म्हणे, आईच्या पापातून झालेले, आणि ती मरताना कबुली देताना म्हणाली की एवढे थोर मुलगे झाले तर मला पश्चात्ताप कसा होईल? कबुली ऐकणारा म्हणाला, बाई, पश्चात्ताप होत नाही याचं तरी दुःख कर. यात काही तथ्य नाही, एक नोव्हाराचा आणि एक त्रुआचा. पण सारखं नाव असलं की लोक नातं जोडतातच.

तर्ककर्कश

एक प्रामाणिक शंका. कोणी लिहिलं याने इतका फरक का पडावा? बार्बारा केलारेंत हे पोपने लिहिलं काय नि डोमिनिकनाने लिहिलं काय, अनुमान तेच राहणार. माझ्या मते ग्रंथ वाचावा, नावाचा नाद सोडावा.

खडूफळा

तर्ककर्कश, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. नामदेवांच्या गाथ्याचं उदाहरण घ्या. विष्णुदास नामा नावाचा कवी नामदेवांच्या नंतर होऊन गेला, त्याची मुद्रा पण "नामा", त्यामुळे त्याच्या कितीतरी रचना संत नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या गेल्या. त्या वेगळ्या काढेपर्यंत आपल्याला नामदेव नीट दिसत नाहीत आणि विष्णुदास नामा तर दिसतच नाही. एकाच नावाखाली दोघांना घातलं की जो कमी प्रसिद्ध तो पुसला जातो. माझ्या मते हा अन्याय आहे.

पानगळ

खडूफळा सर, अगदी मनातलं. आणि तर्ककर्कश, हे त्या लोकांना स्वतःलाही टोचत होतं. ब्ल्वाचा पेत्रुस, बाथचा आर्चडीकन, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या पदरी होता, पत्रलेखनासाठी प्रसिद्ध. त्याने आपल्याच नावाच्या दुसऱ्या ब्ल्वाच्या पेत्रुसला पत्रं लिहिलीत, त्याला कायदा आणि काव्याचा नाद सोडून धर्मशास्त्राकडे वळ असं सांगणारी. आज काही सुंदर लॅटिन प्रेमकविता ब्ल्वाच्या पेत्रुसच्या म्हणून सापडतात आणि त्या कोणत्या पेत्रुसच्या यावर अजून वाद आहे. त्या कविता वाचताना मला दोघंही दिसतात, एक लिहिणारा आणि एक नको म्हणणारा, आणि कोण कोणता हे ठरवल्याशिवाय ते पत्र आणि ती कविता दोन्हींचा अर्थ लागत नाही.

दामियानीचंही तसंच. तो पत्रात सही करायचा "पेत्रुस पेक्कातोर", पापी पेत्रुस. रावेन्नाजवळच्या किनाऱ्यावर मठ स्थापणारा दुसरा एक पेत्रुस पण स्वतःला पापी पेत्रुस म्हणायचा. दान्तेने स्वर्गाच्या एकविसाव्या सर्गात दामियानीच्या तोंडी या दोन्ही नावांची ओळ घातलीय, आणि तिथे क्रियापद "मी होतो" वाचायचं की "तो होता" वाचायचं यावर, म्हणजे एका अक्षरावर, सातशे वर्षं टीकाकार भांडतायत. एका वाचनात एकच माणूस, दुसऱ्यात दोन.

भर_दुपारी

मी इंजिनियर, माझा एक पेत्रुस घ्या. पेत्रुस पेरेग्रिनुस, पेरेग्रिनुस म्हणजे यात्रेकरू, उत्तर फ्रान्समधल्या मारिकूरचा. १२६९ मधे दक्षिण इटलीतल्या लुचेराला वेढा घातलेल्या सैन्याच्या छावणीत बसून त्याने एका गाववाल्या मित्राला लोहचुंबकावर एक लांब पत्र लिहिलं, खाली तारीख ८ ऑगस्ट. चुंबकाच्या टोकांना "पोल" हा शब्द यानेच वापरला. गोल चुंबकावर सुई ठेवून रेषा आखायच्या, त्या जिथे मिळतात ते ध्रुव, अशी पद्धत दिलीय. चुंबक तोडला तर दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव येतात हेही करून बघितलंय. पाण्यावर तरंगणारं आणि खिळ्यावर फिरणारं अशी दोन होकायंत्रं वर्णिली आहेत. ३०० वर्षांनी गिल्बर्टने चुंबकत्वावर ग्रंथ लिहिला तेव्हा या पत्राचा आधार घेतला. तोही याच गर्दीतला, आणि त्याच्याबद्दल त्या पत्राबाहेर जवळजवळ काही उरलेलं नाही. ते कार्ड बनवताना त्याला प्लीज वेगळं ठेवा.

पानगळ

ठेवलंय, काळजी नको. आणि सगळ्यांचे आभार, माझी यादी या आठवड्यात जवळपास सुटली.

एक पेत्रुस मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आबेलार्दुस. ब्रिटनीतल्या ल पालेचा, जन्म १०७९, त्याच्या पिढीतला सगळ्यात तल्लख तर्कपंडित. हेलोईजची आणि त्याची कथा बहुतेकांना माहीत असेल, तिच्या काकाने माणसं पाठवून त्याला नपुंसक केलं, मग दोघंही मठात गेले. त्यानंतर त्याचा जुना गुरू रोस्सेलिन याने त्याला एक पत्र लिहिलं ते वाचून माझे हात थंड पडले. गुरू व्याकरणाचा मुद्दा मांडतो, की पेत्रुस हे पुल्लिंगी नाव, ज्याचं पुरुषत्व गेलं त्याला ते लागू होत नाही, छत किंवा भिंत काढली की घराला अपुरं घर म्हणतात, तसं तुला पेत्रुस नाही तर अपुरा पेत्रुस म्हणावं लागेल. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याचं नावसुद्धा काढून घेतलं.

वीसेक वर्षांनी, सांसच्या परिषदेत बर्नार्डने त्याच्यावर दोषारोप केले, हरलेला आजारी आबेलार रोमकडे निघाला, आणि वाटेत क्लुनीला थांबला. तिथे मठाधिपती होता तो पूज्य पेत्रुस. त्याने त्याला ठेवून घेतलं, बर्नार्डशी समेट घडवला, पोपकडून परवानगी मिळवली. २१ एप्रिल ११४२ ला आबेलार क्लुनीच्याच एका छोट्या मठात वारला. पूज्य पेत्रुसने हेलोईजला पत्र लिहून त्याचे शेवटचे दिवस सांगितले, त्याचा देह गुपचूप तिच्या पाराक्लेत मठात पोचवला, आणि तिने मागितलं म्हणून थडग्यावर लावायला पापमुक्तीचं पत्र लिहून पाठवलं. ते सुरू होतं असं: "मी पेत्रुस, क्लुनीचा मठाधिपती, ज्याने पेत्रुस आबेलार्दुसला क्लुनीचा भिक्षू म्हणून स्वीकारलं". एका वाक्यात दोन पेत्रुस, आणि रोस्सेलिनने अपुरं केलेलं नाव इथे पूर्ण लिहिलेलं.

हेलोईजने त्याच पत्रव्यवहारात आपल्या मुलासाठी पण चर्चमधे एखादी जागा बघा अशी विनंती केली होती. मुलाचं नाव त्यांनी आस्त्रोलाब ठेवलं होतं, ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्रावरून, एवढ्या पेत्रुस-योहानेसांच्या गर्दीत असं नाव दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. पण पाराक्लेतच्या मृतांच्या नोंदवहीत ऑक्टोबर अखेरच्या एका दिवसाखाली एक ओळ आहे: पेत्रुस आस्त्रालाबिउस, आमचे गुरू पेत्रुस यांचा मुलगा.

त्याचं कार्ड मी आज केलं. त्याच्या नावावर पुस्तक नाहीये, तरी केलं.